जोडीचा कागद

हॉटेलवाल्या बाई येणार म्हणून धाकट्याने घराखालच्या चित्रांच्या कारखान्याची भिंत नव्याने रंगवून घेतली, आणि थोरलीच्या डोक्यात तिडीक गेली ती तिथपासून. भिंतीबद्दल तिची तक्रार नव्हती. पोपडे धरलेली भिंत कधीतरी रंगवायलाच हवी होती. पण रंग पुरता वाळायच्या आत त्याने मधोमध खिळे ठोकले, ते मोठं चित्र टांगलं आणि त्याखाली एक पितळी पाटी लावली: ‘मास्तरांच्या हातची कलाकृती’. पाटी सरळ बसलीय का ते बघायला त्याने थोरलीलाच हाक मारली. तिने लांबून पाहिलं आणि सांगितलं, पाटी सरळ आहे, मजकूर तेवढा वाकडा आहे. तो हसला. ताई थट्टा करतेय असं त्याला वाटलं. त्याला नेहमीच तसं वाटायचं.

चित्र तिने रंगवलं होतं. रेघा तेवढ्या कारखान्यात आखणी करणाऱ्या रेघवाल्या काकांच्या, बाकी कागदावर जे जे म्हणून ओलं होऊन वाळलं होतं ते सगळं तिचं. एका जुन्या फ्रेंच नाट्यगृहाचा उभा छेद होता तो, म्हणजे इमारत सुरीने मधोमध कापली तर आत काय काय दिसेल ते दाखवणारं चित्र. कापलेल्या भिंती तिकडच्या रीतीप्रमाणे फिक्या गुलाबी, आणि त्या गुलाबी चौकटीत जिन्यांमागून जिने, सज्जे, खांब, घुमटाच्या पोटातली नक्षी. आणि सावल्या. ऊन कायम डाव्या खांद्यावरून तिरपं येतं असं धरायचं आणि प्रत्येक कठड्याची, प्रत्येक पुतळ्याच्या नाकाची सावली त्या हिशोबाने घालायची, ही या चित्रांची शिस्त. गेला अख्खा हिवाळा तिने त्या जिन्यांच्या सावल्यांत घालवला होता. एकेक पायरी पातळ शाईचे थर देत देत तिने अंधारात उतरवली होती. मास्तर शेजारच्या स्टुलावर बसून खिडकीबाहेर बघत असत.

मास्तर म्हणजे तिचे वडील. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं, घरात तेवढे ते बाबा. तरुणपणी कुठूनतरी त्यांच्या हातात फ्रेंच वास्तुचित्रांच्या छापील पानांचा एक गठ्ठा आला आणि माणूस पार वेडा झाला. राजवाडे, स्नानगृहं, ग्रंथालयं, कारंजी. दोन-दोनशे वर्षांपूर्वी तिकडच्या विद्यार्थ्यांनी स्पर्धेसाठी कागदावर उभी केलेली आणि निम्मीशिम्मी पुढे कधी बांधलीच न गेलेली. मास्तर फ्रान्सला कधी गेले नाहीत. पण त्या न बांधलेल्या इमारतींत कुठल्या खोलीला कुठून उजेड येतो, हे त्यांना स्वतःच्या घरापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांनी प्रतिकृती करायला घेतल्या त्या जुन्या पद्धतीनेच: कागद भिजवून बोर्डावर ताणायचा, शाईची कांडी दगडावर उगाळायची, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी तेवढं वापरायचं. हॉटेलं, वकिलांच्या कचेऱ्या, नव्याने श्रीमंत झालेल्यांचे दिवाणखाने यांतून त्यांची चित्रं लागली. प्रतिकृतीच, हे सगळ्यांना माहीत. त्यात लपवाछपवी नव्हती. लपवाछपवी नंतर आली, आणि ती घरातल्या घरात आली.

कारखान्याचा एक नियम होता. वॉश चालू असताना बोलायचं नाही. आकाशाचा वॉश द्यायचा म्हणजे बोर्ड तिरपा ठेवायचा, वरून रंगाचं पाणी भरायचं आणि त्या पाण्याची ओली कड ब्रशने हळूहळू खाली आणत जायची. ती कड वाटेत कुठे थांबली, एका श्वासापुरती जरी रेंगाळली, तरी तिथे पाण्याची रेघ उमटते आणि ती रेघ मग कुणाच्या बापाला पुसता येत नाही. म्हणून एकदा ब्रश टेकला की घरात चिडीचूप. फोन वाजला तर वाजू दे. दूध उतू गेलं तर जाऊ दे. आजोबा गेल्याची बातमी घेऊन आलेला चुलतभाऊ दारात तोंडावर रुमाल धरून उभा राहिला होता, आकाश पायथ्याला पोचेपर्यंत. वॉश देणाऱ्याने शेवटचा थेंब कोरड्या ब्रशने टिपायचा आणि ‘झालं’ म्हणायचं. ते म्हटल्यावर मग जगाने श्वास घ्यायचा, रडायचं असेल त्याने रडायचं.

दुसरा नियम जोडीच्या कागदाचा. कागद कधी दगा देईल सांगता येत नाही. वरून सारखा दिसतो आणि पाणी पडलं की कुठेतरी आतली तेलकट जागा उघडी पडते. म्हणून मास्तर एकाच थप्पीतले दोन कागद काढायचे, दोन बोर्डांवर ताणायचे आणि काका दोन्हींवर त्याच रेघा मारून ठेवायचे. एक बिघडला तर दुसरा हजर. मास्तरांच्या उमेदीच्या काळात जोडीचे कागद वर्षानुवर्षं तसेच कोरे पडून राहायचे.

मग मास्तरांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाचा कप वाजायचा, मग किल्ली कुलपाशी खेळायची, आणि एका सकाळी एका राजवाड्याच्या आकाशात आडवी रेघ उमटली. मास्तर ब्रश ठेवून उठले, बाहेर जाऊन उभे राहिले. थोरलीने जोडीचा कागद घेतला आणि त्यांच्या माघारी आकाश उतरवलं. ते परत आले, त्यांनी पाहिलं, आणि म्हणाले, “डावीकडे जरा घाई झालीय.” बस्स. त्यावर ना त्यांनी कधी चकार शब्द काढला, ना तिने. दुसऱ्या दिवशी ब्रश तिच्या टेबलावर आले आणि तिथेच राहिले.

तेव्हा तिला राग नव्हता, हे सांगायला हवं. उलट छातीत काहीतरी भरून आलं होतं. चाळिशी ओलांडलेली बाई, लग्न झालं नाही की केलं नाही हे लोक आपापल्या सोयीने सांगत, शाई उगाळण्यात आणि कागद ताणण्यात जन्म गेलेला; तिला वाटलं, आता बाबा एक दिवस म्हणतील, हे पोरीचं काम आहे. कुणासमोर तरी म्हणतील. एखाद्या गवंड्यासमोर म्हटलं असतं तरी तिला चाललं असतं. ती वाट बघत राहिली. चित्रं जात राहिली, लोक येऊन मास्तरांचं कौतुक करत राहिले, आणि मास्तर मान डोलवत राहिले. हल्ली ते उजवा हात कोटाच्या खिशातच ठेवत. लोकांना ती ऐट वाटायची.

रागाला असा एकच दिवस नसतो. तो शाईसारखा थरावर थर चढतो, आणि मग कधीतरी लक्षात येतं की खालचा कागद दिसेनासा झालाय.

तिने आईपाशी विषय काढून पाहिला होता. आई भाजी निवडत होती. तिने वर न बघता विचारलं, “दुसऱ्यांची चित्रं उतरवणाऱ्यांना कसलं आलंय गं नाव?”

“मग बाबांचं तरी कशाला लावता?” थोरली म्हणाली.

आईने एक देठ मोडलं, मग दुसरं मोडलं. मग म्हणाली की बाप आहे तो, त्याचं नाव तेच घराचं नाव, आणि तुला काय कमी पडलंय. यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण आईशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. थोरली उठून खाली कारखान्यात गेली आणि तिने दोन कागद ताणले. ती चिडली की कागद ताणायची. त्या वर्षी कारखान्यात ताणलेल्या कागदांना तोटा नव्हता.

आता या हॉटेलवाल्या बाई. यांनी नवं मोठं हॉटेल बांधलं होतं, आणि त्याच्या दिवाणखान्याच्या चारही भिंतींवर त्यांना असलीच फ्रेंच चित्रं हवी होती. प्रत्येक चित्राशेजारी रंगवणाऱ्याच्या नावाची पाटी लावणार, असंही त्यांनी स्वतःहून सांगितलं होतं. मूळ चित्रकार कोण, हे निम्म्या चित्रांबाबत कुणालाच माहीत नव्हतं. कुठलातरी विद्यार्थी, मेला बिचारा केव्हाच. पण ज्याने हाताने पुन्हा रंगवलं त्याचं नाव तरी लागू दे, असं त्यांचं म्हणणं. बाई चांगल्या होत्या. थोरलीला त्यांचा राग येत नव्हता, हीच खरी पंचाईत होती. सगळा राग घरच्यांच्याच वाट्याला राहिला.

धाकट्याला रंगातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बोलण्यात तो पटाईत. त्याने बाईंना कारखाना बघायला बोलावलं, सोबत त्यांची चार माणसं, आणि उत्साहाच्या भरात कबूल करून बसला की मास्तर स्वतः त्यांच्यासमोर आकाश उतरवून दाखवतील. उचलली जीभ लावली टाळ्याला. घरी आल्यावर त्याला हात आठवला. मग त्याने डोकं चालवलं, आणि आदल्या दिवशी दुपारी थोरलीच्या टेबलाशी येऊन ती योजना तिला अशी सांगितली की जणू भेटच आणलीय.

“बाबा सुरुवात करतील. वरचा भाग सरळ असतो, तेवढं जमेल त्यांना. मग घुमट आला की ते म्हणतील, आता तू घे, बघू किती शिकलीस. तू पुढचं कर. लोकांनाही गंमत वाटेल. बापाने लेकीला शिकवणं, छान दिसतं ना ते.”

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाव चोरलं ते एक झालं. आता तिने लोकांसमोर विद्यार्थिनीही व्हायचं होतं, वयाच्या या वर्षी, स्वतःच्याच ब्रशाने. तिने ब्रश खाली ठेवला, कारण हातात असता तर तो धाकट्याच्या नव्या शर्टावर गेला असता.

ती त्याच्याशी बोललीच नाही. सरळ मास्तरांकडे गेली. ते खिडकीशी बसून डाव्या हाताने चष्मा पुसत होते. ती म्हणाली, “उद्या मी ब्रश घेईन बाबा. तुमची फजिती होऊ देणार नाही. पण घ्यायच्या आधी तुम्ही एक वाक्य बोलायचं. भिंतीवरचं चित्र हिने केलंय, एवढंच. हात का थरथरतो, कधीपासून, काही सांगू नका. ते एक वाक्य बोला, मी ब्रश घेते. नाही बोललात तर मी हात लावणार नाही.”

मास्तरांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला, पुन्हा पुसला. काच चकचकीत होती. मग ते म्हणाले की कागद नीट ताण, उद्या हवा कोरडी असणार आहे.

तिने कागद ताणले. दोन. काकांनी दोन्हींवर रेघा मारल्या: एका छोट्या उद्यानमंडपाचा दर्शनी भाग, पुढे खांब, वर घुमट, घुमटावर एक कलशासारखा दगडी शेंडा. दिसायला छोटं काम, पण खोडी त्या घुमटात होती. घुमटापाशी आकाश दुभंगतं. डावीकडची कड ओली राखून उजवीकडे जायचं, उजवीकडची ओली राखून डावीकडे यायचं, दोन्ही बाजू एका चालीने खाली आणायच्या. ब्रशाला दोन घरं सांभाळावी लागतात. काकांनी रेघा मारताना एकदा मान वर करून थोरलीकडे पाहिलं. सगळं त्यांना माहीत होतं. पण काकांनी या बाबतीत पहिल्यापासून मिठाची गुळणी धरली होती, ती त्या दिवशीही सोडली नाही.

बाई आल्या त्या सकाळी, उजेड चांगला असताना. धाकट्याने त्यांना भिंतीवरच्या नाट्यगृहाच्या चित्रासमोर नेऊन उभं केलं. बाई खूप वेळ बघत राहिल्या. त्या बोटाने हवेतल्या हवेत जिना उतरल्या, अगदी शेवटच्या अंधाऱ्या पायरीपर्यंत, आणि म्हणाल्या की इथे खाली गारवा जाणवतोय. थोरली शाईच्या वाटीवर वाकली होती. त्या पायरीवर ती किती दिवस बसली होती ते तिलाच माहीत, आणि तो गारवा कुणालातरी लागला होता. बाईंनी वळून काकांना विचारलं की हे सगळं मास्तरांनी एकट्याने केलं का. काका स्वतःच्या चपलांकडे बघत राहिले. मग बाईंनी मास्तरांनाच विचारलं.

“अहो, सवय,” मास्तर म्हणाले. “हाताला सवय झालीय.”

खिशातल्या हाताला. थोरलीने वाटी इतक्या जोरात खाली ठेवली की पाणी डचमळून टेबलावर सांडलं. धाकटा लगेच म्हणाला की आमची ताई जरा घाबरलीय.

मग त्याने पाहुण्यांना नियम सांगितला, छान रंगवून, आजोबांच्या बातमीसकट. एकदा ब्रश टेकला की मास्तरांनी किंवा ज्याच्या हातात ब्रश असेल त्याने ‘झालं’ म्हणेपर्यंत कुणी बोलायचं नाही. फोन बंद, खोकलासुद्धा बाहेर जाऊन. पाहुण्यांना मजा वाटली. ते शाळेतल्यासारखे भिंतीशी ओळीने उभे राहिले. आई जिन्याच्या दारात येऊन थांबली. मास्तरांनी खिशातून हात काढला तो थेट ब्रशावर नेला, मनगट डाव्या हाताने धरलं, आणि ब्रश कागदाच्या माथ्यावर टेकला.

सुरुवात बरी झाली. निळसर करड्या पाण्याची कड एका सरळ ओळीत खाली येऊ लागली. मनगटाला डाव्या हाताचा आधार होता. एवढं थोरलीलाही कबूल करावं लागलं की अजून त्या हाताला वेग कळत होता. थरथर वर होती, आतली चाल शाबूत होती. क्षणभर तिला वाटलं, जमतंय. आणि तिला धक्का बसला तो याचा की तिला ते जमायला हवं होतं. इतका राग असून बापाचं आकाश नीट उतरावं असं वाटत होतं. त्याचाही मग राग आला.

कड शेंड्यापाशी पोचली. आकाश दुभंगलं. मास्तरांनी डावी बाजू थोडी खाली आणली, ब्रश उचलून उजवीकडे नेला, आणि तो उचलण्यातच हात सुटला. ब्रशाचं टोक हवेत फडफडलं. एक थेंब घुमटाच्या मधोमध पडला. मास्तरांनी ब्रश मागे घेतला, मान वळवून थोरलीकडे पाहिलं, आणि चाळीस वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते केलं. वॉश चालू असताना बोलले.

“हं,” ते हसून म्हणाले, “आता तू घे. बघू, किती शिकलीस.”

थोरली जागची हलली नाही. तिने दोन्ही हात छातीशी घट्ट बांधले. ती काही बोललीही नाही, कारण कड ओली होती आणि नियम नियम होता. ती फक्त त्यांच्याकडे बघत राहिली. काय हवंय ते दोघांनाही ठाऊक होतं. एक वाक्य. ते बोलायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ती कड ओली राहणार होती. हवा कोरडी होती खरी, पण एवढी नव्हती.

मास्तरांच्या ओठांची हालचाल झाली. मग त्यांची नजर पाहुण्यांकडे गेली, बाईंकडे, पाटीकडे, आणि ओठ मिटले. डावीकडची कड आधी चकाकायची थांबली. मग उजवीकडची. आकाशात घुमटाच्या दोन्ही बाजूंना दोन गडद रेघा उमटल्या, एक वर, एक जरा खाली. पाहुण्यांना काही कळलं नव्हतं, पण काकांनी डोळे मिटून घेतले.

मास्तरांनी ब्रश ठेवला. हात खिशात गेला. ते पाहुण्यांकडे वळले आणि अगदी शांतपणे म्हणाले, “कागद खराब निघाला. आजकाल कागद नीट ताणला जात नाही.”

नाचता येईना अंगण वाकडं, हे लोक हसत हसत म्हणतात. ते अंगण ज्याने सारवलेलं असतं त्याला कुणी विचारत नाही. कागद थोरलीने ताणला होता. आयुष्यात तिने ताणलेला एकही कागद कधी सुरकुतला नव्हता, आणि हे त्या खोलीत एकाच माणसाला पक्कं माहीत होतं, कारण त्यानेच तिला ते शिकवलं होतं. नाव घेतलं, ठीक. चित्र घेतलं, ठीक. आता तिच्यापाशी उरलेला तो एक कोरा कागदही त्यांनी लोकांसमोर नासवला. धाकटा पाहुण्यांना चहाकडे वळवू बघत होता.

थोरलीने बिघडलेला बोर्ड उचलून बाजूला ठेवला आणि जोडीचा कागद टेबलावर घेतला. बोर्डाखाली लाकडाचा ठोकळा सरकवला. धाकटा “अगं ताई, राहू दे” म्हणेपर्यंत तिने ब्रश वाटीत बुडवला आणि कागदाच्या माथ्यावर टेकला.

खोली एकदम गप्प झाली. धाकट्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. पाहुणे पुन्हा भिंतीशी सरळ उभे राहिले. नियम त्यांना त्याने स्वतःच पाठ करून दिला होता. आई दारात, काका टेबलाशी, मास्तर खिडकीशी. कुणीही हूं की चूं केलं नाही. थोरलीने कड एक बोटभर खाली आणली, आणि तिच्या लक्षात आलं की या घरात आजवर तिच्या बोलण्याच्या मध्ये कुणी आलं नाही असं कधी झालंच नव्हतं. आणि आता कड पायथ्याला पोचेपर्यंत कुणाला मध्ये येता येणार नव्हतं.

ती बोलायला लागली. आवाज चढवला असता तर हात हलला असता, म्हणून तिने आवाज चढवला नाही.

“कागद चांगला आहे,” ती म्हणाली. “हा त्याच थप्पीतला जोडीचा कागद आहे. दोन्ही मीच ताणलेत. नीट बघा, कुठे अडतोय का.”

कड खाली येत होती. तिने ब्रश भरून घेतला.

“भिंतीवरचं चित्र मी रंगवलंय. सगळ्या सावल्या माझ्या. बाई, तुम्हाला जिथे गार वाटलं ना, ती पायरी माझी आहे. अलीकडे इथून गेलेली चित्रंही माझीच. बाबांचा हात थरथरतो. कितीतरी दिवस झाले. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, म्हातारपणी कुणाचाही थरथरेल. दुसऱ्याचा हात आपला म्हणून दाखवायचा, याची लाज वाटायला हवी.”

शेंडा आला. ती डावीकडे गेली, उजवीकडे गेली. आकाश दुभंगून घुमटाच्या दोन्ही अंगांनी सारखं खाली आलं.

“मी शिकत नाहीये. माझं शिकून केव्हाच झालंय, आणि शिकवलं यांनीच. तेही मी चारचौघांत सांगितलं असतं. आनंदाने सांगितलं असतं. मला कुणी विचारलंच नाही.”

“ताई, बास,” धाकटा म्हणाला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. तो पुढे सरसावला, तिचा दंड धरायला असेल, किंवा बोर्ड काढून घ्यायला.

तेव्हा मास्तरांनी खिशातून हात काढला. उजवा. तो त्यांनी सगळ्यांसमोर वर धरला, तळवा धाकट्याकडे करून. हात हवेत थरथरत होता, बोटं आपापल्या वाटेने जात होती, आणि आजवर तो असा उघड्यावर धरलेला त्या खोलीतल्या कुणीच पाहिला नव्हता, थोरलीनेसुद्धा.

“गप,” मास्तर म्हणाले. “वॉश चालू आहे.”

धाकटा थांबला. बाईंनी मास्तरांच्या हाताकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या जिन्याकडे, मग थोरलीच्या पाठीकडे. आईने पदर तोंडाशी धरला. मास्तरांनी हात खाली घेतला नाही.

हे वाक्य तिने मागितलं नव्हतं. मागितलं होतं ते दुसरंच, आणि ते त्यांनी अजूनही दिलं नव्हतं. वाईट याचं वाटलं की हेही पुरलं असतं, काल. थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कागदावर पडू नये म्हणून तिने मान जरा बाजूला केली. हात चालूच होता. खांबांच्या मधून आकाश फिकं होत होत पायरीच्या रेघेला टेकलं. तिने ब्रश पिळून कोरडा केला आणि शेवटचा थेंब टिपून घेतला. कागदावर कुठेही रेघ नव्हती. आकाश वरपासून खालपर्यंत एकसंध उतरलं होतं.

सगळे तिच्याकडे बघत होते. ती तो एक शब्द म्हणेल आणि मग सगळ्यांना बोलता येईल, धाकट्याला सारवासारव करता येईल, आईला रडता येईल, मास्तरांना हात खाली घेता येईल.

थोरलीने ब्रश धुतला. टोक बोटांनी सारखं केलं. वाट्या एकात एक ठेवल्या. शाईचा दगड पुसला, दोन्ही बाजूंनी, आणि कांडी कापडात गुंडाळली. मास्तर हात वर धरून उभे होते आणि हात थरथरत होता. तिने टेबलावरचं सांडलेलं पाणी पुसलं, फडकं पिळून खिडकीत वाळत टाकलं आणि आपल्या स्टुलावर जाऊन बसली. ‘झालं’ काही ती म्हणाली नाही.